पुढच्या भागाकडून आपण काय मागतो?

आजचा विषय पाहून ज्येष्ठ मंडळींना वाटलं असेल, पोरांच्या गेमचं हे प्रकरण आमच्यापुढे कशाला? थोडा धीर धरा. आपल्या उमरेडहून भिवापूर मागे टाकून नागभीडकडे निघालं की झाडीपट्टी लागते. दिवाळीनंतर तिथे नाटकांचा हंगाम सुरू होतो. थंडीत शाल पांघरून रात्रभर बसणाऱ्या प्रेक्षकाला पहाटेच्या आत खलनायकाचा हिशोब झालेला पाहायचा असतो. गोष्टीवर आपलाही हक्क आहे असं मानणारा माणूस आपल्याला नवा नाही. व्हिडिओ गेममध्ये तो हक्क थोडा निराळा होतो, आणि आज आम्हाला तेवढंच समजावून सांगायचं आहे.

आधी आपल्याच राज्यातलं उदाहरण घेऊ. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने २०२० मध्ये 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा खेळ आणला. सर्कशीत कसरती करणारी राजी, तिचा धाकटा भाऊ गोलू, ऐन राखीच्या सणात असुरांचा हल्ला, मुलांची पळवापळवी, आणि भावाला शोधायला निघालेली बहीण. ही गोष्ट दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत सांगतात. खेळासाठी २०१७ मध्ये इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली होती, ती जमली नाही. मग संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकून पैसा उभा केला. घर विकून गोष्ट सांगणं काय असतं, ते ज्यांनी विकलं त्यांनाच ठाऊक. पुढे 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम खेळाच्या नामांकनात 'राजी'चं नाव आलं.

चित्रांचं, मंदिरांचं, संगीताचं कौतुक झालं. तक्रार राहिली ती शेवटाची. महाबलासुरापर्यंत पोहोचलेली गोष्ट अर्धवट सोडून दिल्यासारखी वाटते, असं समीक्षकांनीही लिहिलं आणि खेळणाऱ्यांनीही म्हटलं. २०२५ मध्ये 'राजी: कलियुग' हा पुढचा भाग जाहीर झाला, तेव्हा साहजिकच लोकांना पहिली आठवण झाली ती भावाची.

ही अपेक्षा आम्हाला पूर्ण न्याय्य वाटते. तो प्रश्न खेळणाऱ्याने घरून आणलेला नाही, खेळानेच पहिल्या दृश्यात त्याच्या हातात दिलेला आहे. पंगतीला बोलावलं तर पान वाढलंच पाहिजे. मात्र प्रत्येकाच्या आवडीची भाजी असलीच पाहिजे, असं नाही. चाहत्यांच्या अपेक्षांवर बोलताना या दोन गोष्टींची गल्लत होते.

'राजी'मध्ये रस्ता एकच आहे. सगळे त्याच वाटेने जातात. भूमिका घेऊन खेळायच्या खेळांचं, म्हणजे रोल-प्लेइंग गेमचं, असं नसतं. तिथे खेळणाराच ठरवतो की कोणाला वाचवायचं, कोणत्या राजाला गादीवर बसवायचं, कोणावर प्रेम करायचं. आता हिशोब करा. दहा ठिकाणी 'हो' किंवा 'नाही' विचारलं, तर १,०२४ वेगवेगळ्या गोष्टी तयार होतात. वीस ठिकाणी विचारलं, तर दहा लाखांवर. पुढचा भाग लिहिणाऱ्याने यातली कोणती गोष्ट खरी मानायची?

कॅनडाच्या बायोवेअर कंपनीची 'ड्रॅगन एज' ही मालिका यासाठी पाहण्यासारखी आहे. २००९ च्या पहिल्या भागात शेवटच्या लढाईआधी मॉरिगन नावाची चेटकीण एक गुप्त विधी सुचवते. तो केला तर नायकाचा जीव वाचतो, आणि तिला एक मूल होतं. २०१४ च्या तिसऱ्या भागात ती भेटते, तेव्हा ज्याने विधी केला होता त्याला तो मुलगा दिसतो आणि त्याच्यातलं दैवी तेजही कळतं. इतकं लक्षात ठेवता यावं म्हणून कंपनीने एक वेगळी वेबसाइट काढली होती. जुन्या भागांतले आपले निर्णय तिथे भरायचे, ते नव्या खेळात उतरायचे. पाच वर्षांपूर्वी एका रात्री घेतलेल्या निर्णयाचं पोर समोर उभं राहतं, हा अनुभव पुस्तक देऊ शकत नाही.

मग २०२४ च्या ऑक्टोबरअखेर 'द व्हेलगार्ड' आला. त्यात जुने निर्णय विचारले फक्त तीन, तेही सगळे तिसऱ्याच भागातले. मॉरिगन आहे, पण मुलाचं नाव निघत नाही. जुने चाहते चिडले. नव्या माणसाला खेळ समजावा, गोष्ट नव्या प्रदेशात न्यावी, ही लेखकांची अडचण खरी होती. दहा लाख वाटा कोण लिहिणार? तरीही आमच्या मते चाहत्यांचा राग अनाठायी नव्हता. पंधरा वर्षं 'तुमचं सगळं जपून ठेवतो' असं कंपनीच सांगत आली होती. वहीत मांडलेलं देणं वही बंद केल्याने फिटत नाही. खेळ वाईट होता असं याचा अर्थ कोणी लावू नये. त्यातली सोलस या पात्राची गोष्ट नीट तडीस गेलेली आहे.

दुसरे लोक दुसऱ्या युक्त्या करतात. 'द विचर ३' मध्ये सिरी या मुलीचे शेवट वेगवेगळे होते. कुठे ती राक्षस मारायला निघते, कुठे सम्राज्ञी होते. २०२४ च्या डिसेंबरात पुढचा खेळ जाहीर झाला, तेव्हा ती तलवार घेऊन राक्षसाशी लढताना दिसली. म्हणजे कंपनीने एक वाट निवडली, आणि ज्यांनी तिला सिंहासनावर बसवलं होतं त्यांना मुकाट मान्य करावं लागलं. आम्हाला सगळ्यांत गंमत वाटते ती 'एल्डर स्क्रोल्स'ची. १९९६ च्या 'डॅगरफॉल'ला अनेक शेवट होते. २००२ च्या पुढच्या भागात सांगितलं की कालचक्रच मोडलं होतं, सगळे शेवट एकदम घडले. कीर्तनकाराला शोभेल अशी सुटका! पण ती एकदाच करता येते.

निषेध कसा करायचा, हेही या लोकांकडून शिकण्यासारखं आहे आणि न शिकण्यासारखंही. २०१२ मध्ये 'मास इफेक्ट ३' चा शेवट आला. ती गोष्ट अंतराळातली, पण कंपनी तीच. तीन भागांतले सगळे निर्णय शेवटी लाल, निळा, हिरवा अशा तीन रंगांच्या स्फोटांत विरघळले. चाहत्यांनी कंपनीला चारशे कपकेक पाठवले. रंग तीन, चव मात्र सगळ्यांची एकच. तक्रार नेमकी काय, हे यापेक्षा स्वच्छ सांगता येणार नाही. जूनमध्ये कंपनीने वाढवलेला शेवट फुकट दिला. त्याच वर्षी याच कंपनीच्या एका लेखिकेला लोकांनी इंटरनेटवर आणि फोनवर गलिच्छ शिवीगाळ केली. याला अपेक्षा म्हणत नाहीत.

इथे बसलेल्या मुलामुलींपैकी काही जण उद्या असे खेळ करतीलही. त्यांना एक कामाची गोष्ट सांगतो. तक्रार हाती आली की आधी आपल्याच गोष्टीत मागे जाऊन पाहा, हा प्रश्न आपण उभा केला होता का? केला असेल तर उत्तर द्या, मग ते दुःखाचं का असेना. नसेल तर ऐकून घ्या, आणि तुम्हाला सुचेल तेच लिहा. सगळ्यांना विचारून लिहिलेल्या गोष्टीत धक्का उरत नाही, आणि लोक तर धक्क्यासाठीच पैसे मोजतात.

'कलियुग'मध्ये कोणते देव यावेत, राजीने बोलावं किती नि लढावं किती, हे पुण्यातल्या मंडळींनी ठरवावं. गोलूचं काय झालं, हा प्रश्न मात्र त्यांनीच २०२० मध्ये विचारून ठेवला आहे.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.