खड्ड्यात ‘खट्’ वाजलं की शॉकअबच गेला?

मारुती व्हॅन १९८४ साली आली, १९८८ मध्ये तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यात धाकटी ओम्नीसुद्धा आता जुन्या गाड्यांतच मोडते. शाळेची पोरं, भाजीचे क्रेट, मंडपाचं सामान असं काय काय वाहून झालेल्या या गाड्यांच्या मालकांची एक तक्रार कुठेही जा, सारखीच: खड्ड्यातून गेली की पुढून ‘खट्’ वाजतं. मग ज्याला विचारावं तो एकेक पार्ट सुचवतो, आणि एकेक पार्ट बदलला जातो. आवाज मात्र तसाच.

आधी चाकापाशी आहे तरी काय, ते पाहू. ओम्नीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना १९५० च्या सुमाराला फोर्डच्या गाड्यांतून जगभर पसरली. स्प्रिंग आणि शॉकअब एकाच उभ्या खांबात असतात. खांबाचं वरचं टोक रबरी माउंटिंगमधून बॉडीला धरलेलं असतं आणि खालचं टोक चाकाच्या नकलला बोल्टने पक्कं असतं. नकल खाली बॉल जॉइंटने लोअर आर्मला जोडलेला असतो, आणि आर्म रबरी बुशवर वरखाली हलतो. स्टिअरिंगच्या रॅककडून आलेला टाय रॉड एंड नकलला बाजूने धरतो. गाडीचं वजन जातं ते स्ट्रटमधून. बॉल जॉइंट वजन पेलत नाही, तो चाक जागेवर धरतो. एवढं लक्षात असू द्या, तपासणी करताना उपयोगी पडेल.

गैरसमज: आवाज आला, म्हणजे शॉकअब गेला

शॉकअब बहुतेक वेळा मुकाट्याने जातो. तेल गळतं, धूळ बसून दांड्यावर काळा चिकट थर जमतो, गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी दोन-तीनदा डुलते आणि टायर ठिकठिकाणी चंद्रकोरीसारखा झिजतो. पुढच्या कोपऱ्यापाशी जोर देऊन दाबली आणि सोडली की गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी. ती डुलत राहिली तर शॉकअब बदला, त्यात वाद नाही. पण डुलत नाही, गळत नाही आणि फक्त ‘खट्’ वाजतं, तर संशय आधी माउंटिंग, बुश आणि जॉइंटवर घ्यावा. स्ट्रटही वाजू शकतो, पण बरेचदा दोष आतल्या तेलात नसून वरच्या नटात असतो. तो पुरेसा आवळलेला नसला की प्रत्येक खड्ड्यात दांडा माउंटिंगमध्ये वरखाली आपटतो. नवा शॉकअब टाकल्यावर दुसऱ्याच दिवशी सुरू झालेली खटखट बऱ्याचदा हीच असते.

गैरसमज: आवाज डावीकडून येतो, म्हणजे बिघाड डावीकडे

ओम्नीत ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकावरच बसतो. पायाखाली पत्रा, सीटखाली इंजिन. पत्रा आवाज वाहून नेतो, त्यामुळे उजव्या आर्मचा ठोका डाव्या दाराजवळ ऐकू येणं मुळीच नवल नाही. कानावर विसंबून बाजू ठरवू नये. आवाज कुठून येतो यापेक्षा तो कधी येतो, हे जास्त उपयोगी आहे.

छोट्या छोट्या खडबडीत रस्त्यावर सतत टकटक वाजत असेल, तर डावं-उजवं चाक जोडणाऱ्या स्टॅबिलायझर बारचे बुश, टाय रॉड एंड किंवा ब्रेकचा कॅलिपर बघा. कॅलिपरची परीक्षा बसल्या जागी होते: त्याच रस्त्यावर, त्याच हळू वेगात, पायाने ब्रेक नुसता टेकवून ठेवा. टकटक थांबली तर ती पॅड किंवा कॅलिपरच्या पिनची आहे, सस्पेन्शनची नाही. ब्रेक मारताना एकच दणका आणि मग रिव्हर्समध्ये ब्रेक मारताना पुन्हा एक, असं असेल तर आर्मचा बुश फाटलेला असण्याची शक्यता मोठी. आर्म आधी मागे सरकतो, मग पुढे. मोकळ्या जागेत कुणाला तरी गाडी चालण्याच्या वेगात पुढेमागे करायला सांगा आणि तुम्ही बाजूला, लांब उभे राहून चाक बघा. चाक कमानीत मागेपुढे सरकताना डोळ्यांना दिसतं.

आणि हो, हे सगळं करण्याआधी जॅक आणि पान्यांची पिशवी बाहेर काढा, स्टेपनी आवळा, सीटखालच्या इंजिनाच्या झाकणाच्या कड्या नीट बसवा. हसू नका. सुट्या पान्यांनी बरेच लोअर आर्म बदलायला लावले आहेत.

गैरसमज: वळताना टकटक, म्हणजे एक्सल गेला

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. तिथे पूर्ण वळणावर कटकट वाजली तर पुढच्या एक्सलच्या जॉइंटवर संशय घेणं रास्त आहे. ओम्नी मागच्या चाकांवर चालते. पुढच्या चाकांना एक्सलच नाही, मग तो जाणार कुठून? तिच्यात वळणावरचा आवाज स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगचा, टाय रॉड एंडचा नाहीतर रॅकचा असतो. गाडी उभी ठेवून कुणाला तरी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा आणि स्प्रिंगवर बाहेरून हलका तळवा ठेवा. बोटं वेटोळ्यांच्या मधे घालू नका. स्प्रिंग सरळ न फिरता अडखळून ‘टण्ण’ करून उडी मारत असेल, तर वरचं बेअरिंग जाम झालं आहे.

रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडताना जो ‘टक्’ येतो, तोही अनेक जण पुढच्या चाकाच्या नावावर टाकतात. तो प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा असू शकतो. ते काम गाडीच्या पोटाखालचं आहे, पुढच्या चाकांशी त्याचा संबंध नाही.

गैरसमज: जॅकवर घेऊन चाक हलवलं, काही सापडलं नाही, म्हणजे सगळं ठीक

एकच तपासणी सगळ्या पार्टना लागू पडत नाही. काही दोष चाक लोंबकळताना दिसतात, काही फक्त गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना.

बॉल जॉइंट हवेत तपासायचा, कारण मॅकफर्सनमध्ये त्याच्यावर वजन नसतं. चाक वर उचला आणि गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाकाखाली हात घालू नका. आता चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर ढकला. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला, तर तो बॉल जॉइंटचा की चाकाच्या बेअरिंगचा? दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. मग टॉमी आर्म आणि नकलच्या मधे घालून हलकेच उचका, जॉइंट कसा उचलला जातो ते समोर दिसेल. चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर प्ले आला, तर मात्र टाय रॉड एंड किंवा रॅककडे बघायचं.

टाय रॉड एंडची खरी परीक्षा मात्र जमिनीवरच होते. चाकं टेकलेली असताना एकाने स्टिअरिंग बारीक बारीक डावं-उजवं करायचं आणि दुसऱ्याने जॉइंटवर बोटं ठेवायची. आतला खटका बोटांना लागतो, कानाला येण्याच्या कितीतरी आधी.

स्टॅबिलायझर बार तर हमखास चकवा देतो. एकच चाक उचललं की बार पिळला जातो आणि ढिला बुश घट्ट दाबला जाऊन अगदी निर्दोष वाटतो. म्हणून तो दोन्ही चाकं सारख्या उंचीवर असतानाच हलवून बघायचा.

गैरसमज: ग्रीस नाहीतर जळकं ऑइल मारलं की आवाज जातो

जातो, काही दिवस. पण खनिज तेल साध्या रबराला फुगवतं आणि मऊ करतं, म्हणजे आज गप्प झालेला बुश उद्या लवकर फाटणार. शिवाय तेलाने थांबते ती करकर. खट् हा धातूवर धातू आपटल्याचा आवाज आहे, आणि मधली झिजलेली जागा ग्रीसने भरून निघत नाही. सीलबंद बॉल जॉइंटला तर ग्रीस भरायला जागाच नसते. त्याचा रबरी बूट फाटला, आत पाणी-माती शिरली, की तो बदलायचाच.

गैरसमज: नवा पार्ट टाकूनही आवाज येतो, म्हणजे पार्ट डुप्लिकेट

डुप्लिकेट माल बाजारात आहेच. पण दोष पुष्कळदा बसवण्यात असतो. लोअर आर्मचा बुश म्हणजे धातूच्या दोन नळ्यांमधे चिकटवलेलं रबर. आर्म हलतो तेव्हा ते रबर पिळलं जातं. गाडी लिफ्टवर असताना, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर रबराची विश्रांतीची जागा तीच ठरते. गाडी खाली आली की बुश कायमचा पिळलेला राहतो आणि थोड्याच दिवसांत फाटतो. बोल्ट आधी हातानेच धरवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, एकदा-दोनदा दाबून सोडायची आणि मग शेवटचं आवळायचं. गॅरेजमध्ये ही एक गोष्ट जरूर विचारा. मिस्त्री चांगला असेल तर त्याला राग येणार नाही.

गैरसमज: जुनी गाडी आहे, वाजायचीच

बुशच्या बाबतीत हे चालवून घेता येतं, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडच्या बाबतीत नाही. झिजलेला बॉल जॉइंट खोबणीतून निसटला तर चाक खालून सुटून बाहेर फाकतं. टाय रॉड एंड निसटला तर एक चाक स्टिअरिंगचं ऐकतच नाही. या दोन्हींत प्ले सापडला, तर गाडी गॅरेजपर्यंतही हळूच न्यायची, आणि शाळेच्या फेऱ्या दुरुस्ती होईपर्यंत दुसऱ्या गाडीने करायच्या.

गैरसमज: अलाइनमेंट करून घेतलं की आवाज जाईल

अलाइनमेंट चाकांचे कोन ठरवतं, ढिला जॉइंट घट्ट करत नाही. प्ले असताना केलेलं अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकतं, कारण चाक दर वेळी नव्या जागी बसतं. उलट स्ट्रट, टाय रॉड एंड किंवा लोअर आर्म बदलल्यावर ते करून घ्यायलाच हवं, नाहीतर नवे टायर आतून किंवा बाहेरून खाल्ले जातात. आधी प्ले काढायचा, बुशचे बोल्ट वजनावर आवळायचे, टायरमधली हवा बरोबर करायची आणि मगच गाडी अलाइनमेंटच्या मशीनवर चढवायची.