बिशप, बायको आणि बांबूची शिडी

नेपोलियनचा परराष्ट्रमंत्री तालेराँ. राजा, क्रांती, सम्राट, पुन्हा राजा, सगळ्यांची चाकरी करून हा गडी अंथरुणातच मेला. पण युरोपच्या राजकारणापेक्षा याच्या घरातला गुंता भारी!

जन्म पॅरिसचा, १७५४चा. घराणं खानदानी, पण पाय अधू. त्यामुळे वारसाहक्क धाकट्या भावाकडे आणि स्वारी चर्चमध्ये. काका आर्चबिशप, तेव्हा वशिला घरचाच. १७८९मध्ये ओतँच्या बिशपपदाची दीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी या पठ्ठ्याने प्रस्ताव मांडला : चर्चची मालमत्ता सरकारजमा करा!

बायकोची कथा तर थेट आपल्याकडची. कॅथरीनचा जन्म तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीचा, तेव्हा हे गाव डॅनिश लोकांच्या ताब्यात होतं. कोवळ्या वयातच कंपनी सरकारच्या नोकरीतल्या ग्रँडसाहेबाशी लग्न झालं. डिसेंबर १७७८मधल्या एका रात्री साहेब जेवायला बाहेर गेले आणि त्यांच्या कलकत्त्याच्या घराच्या भिंतीला बांबूची शिडी लागली. चढणारा कोण? गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा सदस्य फिलिप फ्रान्सिस! नोकरांनी आरडाओरडा केला, साहेब धावत आले, प्रकरण कोर्टात गेलं. दंड पन्नास हजार सिक्का रुपये. हाच फ्रान्सिस १७८०मध्ये खुद्द गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जशी पिस्तुलांचं द्वंद्व खेळला, तेही मराठ्यांशी चाललेल्या युद्धाला आडकाठी करणार नाही हा शब्द मोडल्याच्या आरोपावरून. गोळी त्यालाच लागली, पण वाचला.

कॅथरीन पुढे पॅरिसला तालेराँच्या घरात. राजदूतांच्या बायका नाकं मुरडू लागल्या, तसा नेपोलियनने दम भरला : लग्न कर, नाहीतर बाईला बाहेर काढ. पोपने पाद्रीपणातून मोकळं केलं होतं, लग्नाला मात्र परवानगी नव्हती. तरीही १८०२मध्ये बार उडाला. आणि पहिल्या नवऱ्याचं काय? त्याला तालेराँच्याच वशिल्याने आफ्रिकेच्या टोकाला, केपमध्ये नोकरी. ब्याद गेली!

नेपोलियन पडल्यावर भरलेल्या १८१४च्या व्हिएन्ना परिषदेला मात्र बायको सोबत नव्हती. यजमानीण होती पुतण्याची बायको, एकवीस वर्षांची दोरोते. हरलेल्या फ्रान्सला बड्या राष्ट्रांच्या पंगतीत पाट मिळाला.

औरस मूल नाही. पण जनरल फ्लाओ हा याचाच मुलगा, असं पॅरिस उघड मानत असे. या फ्लाओला नेपोलियनची सावत्र मुलगी ओर्तान्स हिच्यापासून झालेला मुलगा म्हणजे मोर्नी. तिसऱ्या नेपोलियनचा सावत्र भाऊ आणि १८५१च्या सत्तापालटातला त्याचा उजवा हात. आजोबांचा गुण!

१७ मे १८३८. मरणाच्या दिवशी सकाळी तालेराँने चर्चशी समझोत्याच्या कागदावर सही केली. अंत्यविधीचं तेल लावायला पाद्री वाकला, तसे त्याने हात पालथे करून पुढे धरले. बिशपच्या तळव्यांना दीक्षेच्या वेळीच तेल लागलेलं असतं, म्हणून त्यांना ते हाताच्या पाठीवर लावायची तेव्हा रीत होती. चर्चची दौलत विकायला लावणाऱ्याला आपला हुद्दा पक्का आठवत होता.