बालकांमधील निकटदृष्टितेची वाढ मंदावणारे चष्मे : आदिलाबाद परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
फळ्यावरील अक्षरे अंधुक दिसणारा विद्यार्थी पुष्कळदा 'अभ्यासात कच्चा' म्हणून ओळखला जातो. वास्तविक त्याला निकटदृष्टिता असते. या दोषात नेत्रगोल प्रमाणापेक्षा लांब होतो आणि दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. शालेय वयात नेत्रगोलाची लांबी वाढत राहते, म्हणून चष्म्याचा नंबरही वाढतो. नंबर फार वाढल्यास पुढील आयुष्यात दृष्टिपटल सुटणे, काचबिंदू यांसारख्या विकारांचा धोका वाढतो. म्हणून केवळ स्पष्ट दिसणे पुरेसे नाही; नंबरची वाढ मंदावणेही महत्त्वाचे आहे.

आदिलाबाद परिसरातील पार्श्वभूमी :
हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने १९९६ ते २००० या काळात आंध्र प्रदेश नेत्रविकार सर्वेक्षण केले. त्यात १०,२९३ व्यक्तींची तपासणी झाली. निवडलेल्या तीन ग्रामीण क्षेत्रांपैकी एक आदिलाबाद जिल्ह्यातील होते. याच संस्थेचे ग्रामीण नेत्र केंद्र १९९६ मध्ये मुधोळ येथे सुरू झाले. मराठी भाषकांची वस्ती असलेले हे सीमावर्ती गाव २०१६ च्या जिल्हा पुनर्रचनेनंतर निर्मल जिल्ह्यात गेले. तेलंगणा शासनाने 'कंटी वेलुगू' योजना २०१८ मध्ये व तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये राबवून गावोगावी तपासणी व मोफत चष्मे दिले. साध्या चष्म्याने दिसते चांगले. परंतु नंबरची वाढ त्याने थांबत नाही.

नव्या चष्म्यांची रचना :
साध्या भिंगामुळे मध्यभागाची प्रतिमा दृष्टिपटलावर पडते, पण कडेच्या भागाची प्रतिमा पटलामागे जाऊ शकते. त्यामुळे नेत्रगोलाला लांब होण्याची चालना मिळते, असे मानले जाते. हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठ व होया कंपनी यांनी विकसित केलेल्या भिंगात मध्यभागी सुमारे ९ मि.मी.चा स्वच्छ भाग असतो. त्याभोवती सुमारे १ मि.मी. व्यासाची शेकडो सूक्ष्म भिंगे असतात. मधून मूल नेहमीप्रमाणे पाहते. सूक्ष्म भिंगे काही प्रकाश पटलाच्या पुढे एकत्र आणतात व वाढीची चालना कमी करतात.

संशोधनाचे निष्कर्ष :
हाँगकाँगमधील ८ ते १३ वयोगटातील १६० बालकांनी दोन वर्षांचा प्रयोग पूर्ण केला. साधा चष्मा वापरणाऱ्यांचा नंबर सरासरी ०.८५ डायॉप्टरने, तर नवा चष्मा वापरणाऱ्यांचा ०.४१ डायॉप्टरने वाढला. म्हणजे वाढ निम्म्याहून अधिक घटली. एसिलोर कंपनीच्या अशाच प्रकारच्या भिंगाला सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली.

मर्यादा :
१) आलेला नंबर या चष्म्याने उतरत नाही.
२) तो दिवसभर, नियमित वापरावा लागतो, अधूनमधून वापरल्यास लाभ घटतो.
३) तो साध्या चष्म्याहून बराच महाग आहे, म्हणून मजूर व शेतकरी कुटुंबांना सहज परवडत नाही.
४) दर काही महिन्यांनी तपासणी आवश्यक असते.

शिक्षकांची भूमिका :
महाग चष्मा मिळेपर्यंत साधा चष्मा टाळणे चुकीचे आहे. 'चष्म्याने नंबर वाढतो' हा समज निराधार आहे. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिल्यानेही वाढ रोखली जात नाही. मुलीला चष्मा लागला तर लग्नाला अडचण येईल, या भीतीने तो टाळणाऱ्या पालकांशी शिक्षकांनी संवाद साधावा.

चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जास्त वेळ मैदानावर नेले गेले. तीन वर्षांत नव्याने निकटदृष्टिता आलेल्यांचे प्रमाण तेथे ३०.४ टक्के, तर इतर शाळांत ३९.५ टक्के होते. हा उपाय बिनखर्चाचा आहे. आदिलाबादच्या उन्हाळ्यात त्यासाठी सकाळची वेळ निवडावी.

निष्कर्ष :
नवे चष्मे उपयुक्त आहेत, परंतु ते वेळीच झालेल्या तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत. महाविद्यालयातील शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना, विशेषतः उद्याच्या शिक्षक व पालकांना, ही माहिती दिल्यास गावातील मुलाचा दोष नंबर फार वाढण्यापूर्वीच लक्षात येईल. मैदानावरील खेळाचा तास कापून तो शिकवणीला देण्याची प्रथाही त्यामुळे पुनर्विचारात घेतली जाईल.