शरीराची पाटी कोरी झाली तर?

लहानपणी टोचलेल्या लसींचा परिणाम पुसला जाऊ शकतो का? काही लसींचा प्रभाव वयाबरोबर ओसरतो, म्हणून तर आपण धनुर्वाताची लस पुन्हा घेतो. पण अस्थिमज्जा रोपणानंतर जवळजवळ सगळीच पाटी कोरी होते. असे का होते ते पाहू.

हाडांच्या पोकळीतील मऊ गर म्हणजे अस्थिमज्जा. रक्तपेशी येथेच जन्माला येतात. लस टोचली की काही पांढऱ्या पेशी त्या रोगजंतूची ओळख लक्षात ठेवतात. काही मज्जेतच मुक्काम करून वर्षानुवर्षे प्रतिपिंडे बनवितात. लसीची ‘आठवण’ ती हीच.

रक्ताच्या कर्करोगात हा कारखानाच बिघडतो. मग तीव्र औषधांनी, कधी किरणांनी, रोगी मज्जा नष्ट करून जुळणाऱ्या दात्याच्या मूलपेशी रुग्णाच्या शिरेतून देतात. भारतातील असे पहिले यशस्वी रोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. या उपचाराचा पाया घालणारे अमेरिकन डॉक्टर ई. डॉनल थॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

जुन्या मज्जेबरोबर जुनी आठवणही जाते. दात्याकडून आलेली थोडीफार आठवण फार काळ टिकत नाही. बारा वर्षांचा मुलगा जणू तान्हे बाळ होतो. बाळाजवळ निदान आईकडून आलेली प्रतिपिंडे असतात. याच्याजवळ तीही नसतात!

मग लगेच सगळ्या लसी का टोचत नाहीत? कारण नव्या पेशींना शिकण्याइतके तयार व्हायला वेळ लागतो. न्युमोकोकस या जंतूवरची लस साधारण तीन ते सहा महिन्यांनी सुरू करतात. घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, ब-कावीळ आणि टोचायची पोलिओ लस सहा ते बारा महिन्यांनी. गोवराच्या लसीत मात्र दुर्बल केलेला जिवंत विषाणू असतो. दुबळ्या शरीरात तोच रोग निर्माण करील! म्हणून ती निदान दोन वर्षांनी, तीही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे थांबल्यावरच देतात.

समजा, असा मुलगा वरंधा घाटाच्या वाटेवरील हिर्डोशीला घरी परतला. ही दोन वर्षे गोवरापासून त्याला कोण वाचविणार? त्याच्या भोवतालची लस घेतलेली माणसे! भावंडांना आणि वर्गमित्रांना गोवर झाला नाही, तर तो त्याच्यापर्यंत पोहोचेल कसा? एक दक्षता मात्र हवी. तोंडावाटे दिलेल्या पोलिओच्या थेंबांतील जिवंत विषाणू काही आठवडे बाळाच्या शौचातून बाहेर पडतात. म्हणून घरातील बाळाला थेंब पाजण्यापूर्वी रुग्णाच्या डॉक्टरांना विचारावे. टोचायच्या लसीत हा धोका नाही.

मित्रांनो, आज घरी आपले लसीकरणाचे कार्ड शोधा. एखादी लस राहिली असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करा. तुम्ही घेतलेली लस दुसऱ्या कोणाचे तरी कवच असू शकते.