निष्कर्ष आधी की शेवटी? प्रॉटेस्टंट प्रवचनाच्या रचनेचा मागोवा

इंग्रजीभाषक प्रॉटेस्टंट पंथांतील प्रवचनाला रेखीव चौकट देणाऱ्यांत केंब्रिजचे विल्यम पर्किन्स अग्रणी होत. १५९२ मध्ये लॅटिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी शास्त्रभाग वाचावा, त्याचा अर्थ उलगडावा, त्यातून सिद्धान्त काढावेत आणि ते श्रोत्यांच्या आचरणाला लावून दाखवावेत, असा क्रम सांगितला. पुढे रूढ झालेल्या तीन मुद्द्यांच्या प्रवचनातही प्रतिपाद्य विधान आरंभीच मांडले जाई आणि उरलेला वेळ त्याच्या समर्थनात जाई. अमेरिकेत प्रवचनशास्त्राचे, म्हणजे उपदेश रचण्याच्या व करण्याच्या विद्येचे, प्रमाण पाठ्यपुस्तक लिहिले ते जॉन ब्रॉडस यांनी. यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये त्यांच्या या विषयाच्या वर्गात एकच विद्यार्थी उरला होता, तोही अंध. त्याच्यासाठी कसून तयार केलेल्या व्याख्यानांतून १८७० चा तो ग्रंथ आकाराला आला.

या परंपरेला मोठा हादरा दिला तो फ्रेड क्रॅडॉक यांच्या १९७१ मधील ‘ॲज वन विदाउट ऑथॉरिटी’ या पुस्तकाने. पाळक अभ्यासिकेत तपशिलांकडून निष्कर्षाकडे जातो, मंडळीपुढे मात्र निष्कर्षच आधी ठेवतो आणि शोधाचा आनंद तेवढा स्वतःकडे राखतो, हा त्यांचा आक्षेप मर्मावर बोट ठेवणारा होता. श्रोत्यालाही तीच वाट चालू द्यावी आणि शेवटचे पाऊल त्याचे त्याने टाकावे, अशी विगामी, म्हणजे तपशिलाकडून तत्त्वाकडे जाणारी, रचना त्यांनी सुचवली. १९८० मध्ये यूजीन लाउरी यांनी प्रवचनाला कथानकच मानले : आधी श्रोत्याचा तोल ढळवायचा, मग पेच वाढवत नेऊन उकलीपाशी शुभवर्तमान ऐकवायचे.

या प्रवाहाला ‘नवे प्रवचनशास्त्र’ म्हटले गेले, तरी आख्यानाचे बळ कृष्णवर्णीय अमेरिकन चर्चला आधीपासूनच ठाऊक होते. ना. वा. टिळकांसारख्या मराठी ख्रिस्ती कीर्तनकारांनाही ते अपरिचित नव्हते. फक्त कीर्तनात सिद्धान्ताचे निरूपण पूर्वरंगातच होई आणि आख्यान उत्तररंगात येई, त्यामुळे क्रॅडॉक यांच्या कसोटीला ते पुरते उतरले नसते.

निष्कर्ष श्रोत्यावर सोपवायचा, तर त्याला बायबल आधीच परिचित हवे, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ते गृहीत धरणे अवघड झाले होते. चार्ल्स कॅम्बेल यांनी १९९७ मध्ये याहून मूलगामी हरकत घेतली : कथेच्या आकृतिबंधावर भर देताना, ती कथा ज्याची आहे तो येशूच मागे पडतो. पॉल स्कॉट विल्सन यांनी १९९९ मध्ये शास्त्रातले संकट, जगातले संकट, शास्त्रातली कृपा आणि जगातली कृपा अशी चार ‘पानां’ची मांडणी पुढे केली, तीही पानांचा क्रम बदलण्याची मुभा ठेवूनच.