हिवाळ्यातील अंडी आणि उजेडाचा हिशेब

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, अशी आपली म्हण आहे. हिवाळ्यात मात्र तांबडेच उशिरा फुटते आणि त्याचा फटका परसातील कोंबड्यांच्या अंड्यांना बसतो. नर्मदाकाठच्या जबलपूर परिसरात जानेवारीच्या रात्री पारा पुष्कळदा १० अंशांखाली उतरतो. अंड्यांना मागणी वाढते ती याच दिवसांत आणि टोपली रिकामी राहते तीही याच दिवसांत. दहा-बारा कोंबड्यांच्या आधारे मीठ-मिरचीचा खर्च भागविणाऱ्या गृहिणीला ही तूट लहान नसते.

थंडीमुळे अंडी घटतात, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः मुख्य कारण उजेडाचे आहे. कोंबडीला भरपूर अंडी देण्यासाठी रोज १४ ते १६ तास प्रकाश लागतो. डिसेंबरअखेर जबलपूरचा दिवस पावणेअकरा तासांचाही नसतो. ही उणीव खुराड्यातील एक लहानसा दिवा भरून काढतो. तो पहाटे लावणे श्रेयस्कर. रात्री एकाएकी मालवला तर कोंबड्या अंधारात चाचपडतात. प्रकाशाची वेळ हळूहळू वाढवावी आणि ती नित्य पाळावी. पिसे गाळणारी कोंबडी मात्र विश्रांती घेत असते. तिच्याकडून अंड्यांची घाई करू नये.

ऊब राखण्याच्या भरात खुराडे चहूबाजूंनी बंद करणे ही मोठी चूक होय. श्वासाची वाफ आणि विष्ठेतील अमोनिया आत कोंडून श्वसनाचे विकार जडतात. उत्तरेकडील बाजूस रात्री गोणपाट सोडावे, पण वरच्या अंगाला हवेसाठी फट ठेवावी. बंद जागेत कोळशाची शेगडी कदापि ठेवू नये. तिचा विषारी वायू जीवघेणा ठरतो. या भातपिकाच्या प्रदेशात सहज मिळणारे तूस जमिनीवर दोन-तीन इंच अंथरावे, वरचेवर हलवावे आणि ओले झालेले काढून टाकावे.

कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते. ते टिकविण्यात खाद्याचा बराच भाग खर्ची पडतो. म्हणून संध्याकाळी मूठभर भरडलेला मका, कवचासाठी शिंपल्यांचा चुरा आणि सकाळी कोमट पाणी द्यावे. अंड्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते, हे विसरू नये.

जातीची निवडही महत्त्वाची. झाबुआच्या कडकनाथाचा आणि ‘जबलपूर कलर’चा संकर करून येथील नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विज्ञान विद्यापीठाने परसातील पालनासाठी ‘नर्मदानिधी’ ही जात विकसित केली आहे.

२०१९ पासून किसान क्रेडिट कार्डाची सुविधा कुक्कुटपालनाच्या खेळत्या भांडवलासाठीही खुली झाली आहे. परंतु कर्जाआधी वही हवी. रोजची अंडी, खाद्य आणि विजेचा खर्च तीत टिपला, की दिव्यावर खर्चिलेला रुपया परत आला की नाही, हे ती वहीच सांगेल.