सौंदर्य ही सेवाशर्त असू शकते का?

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारभिंतीवर राजराज चोळाच्या अखेरच्या वर्षांतला, म्हणजे इसवी सन १०१४ च्या सुमाराचा, एक दीर्घ तमिळ शिलालेख आहे. मंदिराच्या सेवेसाठी राज्यातील ठिकठिकाणच्या देवळांतून आणलेल्या चारशे नर्तकींची त्यात नोंद आहे. प्रत्येकीचे नाव, ती कोणत्या देवळातून आली, कोणत्या गल्लीच्या कोणत्या रांगेतले कितवे घर तिला दिले, हे ओळीने कोरले आहे. एक वेली जमिनीचे उत्पन्न, म्हणजे शंभर कलम भात, हा प्रत्येकीचा वाटा. वेली आणि कलम ही तिथली जमिनीची व धान्याची मापे. एखादी मरण पावली किंवा परगावी गेली, तर तो वाटा आणि ते काम जवळच्या नातलगाकडे जावे; नातलग त्या कामास पात्र नसेल तर पात्र व्यक्ती निवडावी, अशी तरतूदही आहे. त्याच लेखात शिंपी, परीट, न्हावी, कुंभार आणि हिशेबनीस यांचेही वाटे आहेत. मराठी वाचकाला हे मंदिर परके नाही. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला तो इथेच.

या चारशे नोंदींत नाव आहे, पत्ता आहे, मोबदला आहे. रूपाचा रकाना नाही. यावरून चोळ दरबाराला रूपाचे वावडे होते, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. या स्त्रिया स्वखुशीने आल्या की राजाज्ञेने, हेही लेख सांगत नाही. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. सेवेच्या अटी चारचौघांना वाचता येतील अशा जागी लिहिल्या होत्या आणि त्या लिहिणाऱ्यालाही बांधून ठेवत होत्या. आज कावेरीच्या खोऱ्यातून सिंगापूर, मलेशिया आणि आखाती देशांकडे जाणारे प्रवासी तंजावरहून तिरुचिरापल्लीचा विमानतळ गाठतात. विमानाच्या दारात नमस्कार करून त्यांचे स्वागत करणाऱ्या तरुणीने कोणत्या अटींवर नोकरी पत्करली आहे, हे मात्र त्यांना कुठेही वाचायला मिळत नाही.

परिचारिका ते सुंदरी

या व्यवसायाचा आरंभ रूपापासून झाला नाही. १५ मे १९३० रोजी अमेरिकेत बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानात एलन चर्च ही पहिली विमानसेविका कामावर रुजू झाली, ती प्रशिक्षित परिचारिका होती म्हणून. विमानप्रवास तेव्हा भीतीचा विषय होता. सोबत परिचारिका असली की प्रवाशांना धीर येईल, असा हिशेब होता. पुढे विमाने मोठी झाली, कंपन्यांमधली स्पर्धा वाढली आणि तिकिटाबरोबर स्मितहास्यही विकले जाऊ लागले. अमेरिकी कंपन्यांनी वयाची बत्तीस किंवा पस्तीस वर्षे ही मर्यादा घातली आणि लग्न होताच नोकरी संपवली. तेथे हे निर्बंध मोडून निघाले ते १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर.

आपल्या भाषेनेही या बदलावर शिक्कामोर्तब केले. इंग्रजी शब्दाचा अर्थ यजमानीण असा होता; मराठी वृत्तपत्रांनी त्याचा ‘हवाई सुंदरी’ केला. पदनामातच रूपाची अट आली. त्याच विमानात तेच काम करणाऱ्या पुरुषाला मात्र कोणी ‘हवाई सुंदर’ म्हटले नाही.

एअर इंडियाच्या सेविका आरंभी पाश्चात्त्य धर्तीचा गणवेश घालत. साडी आली १९६० च्या दशकात आणि अल्पावधीत ती कंपनीची, किंबहुना देशाची, ओळख बनली. आज आपण जिला परंपरा म्हणतो ती एका व्यापारी निर्णयातून जन्मली, एवढे लक्षात ठेवले पाहिजे. तंजावरला हे नवे नाही. सरफोजीराजांच्या दरबारातील चार बंधूंनी, म्हणजे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू यांनी, ज्या नृत्याला शिस्तबद्ध रूप दिले, ते १९३० च्या दशकात भरतनाट्यम म्हणून नव्या रंगमंचावर आले. तेव्हा नर्तकीचा वेषही बदलला आणि शिवलेला, अंगाबरोबर बेतलेला पोशाख रूढ झाला. आज तोच प्राचीन वाटतो. वेषाची परंपरा असते तशी वेषाची रचनाही असते, आणि ती रचना कोणीतरी विशिष्ट हेतूने केलेली असते.

१९८१ चा निकाल

त्या हेतूची कायदेशीर झाडाझडती भारतात झाली ती ‘एअर इंडिया विरुद्ध नर्गिस मिर्झा’ या खटल्यात. मुंबईत मुख्यालय असलेल्या या सरकारी महामंडळाचा नियम असा होता : सेविकेने पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हावे, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर तेव्हाच, किंवा पहिल्या गर्भारपणाबरोबर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा. व्यवस्थापकीय संचालकांची मर्जी झाली तर पंचेचाळीसपर्यंत मुदतवाढ. विमानातील पुरुष कर्मचारी मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होत.

सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९८१ रोजी निकाल दिला. गर्भारपणाची अट मनमानी आणि क्रूर ठरवून रद्द झाली. मुदतवाढीचा अमर्याद विवेकाधिकारही रद्द झाला. मात्र चार वर्षांची विवाहबंदी न्यायालयाने उचलून धरली आणि तिच्या समर्थनार्थ कुटुंबनियोजनाचा दाखलाही दिला. स्त्री आणि पुरुष कर्मचारी हे दोन वेगळे वर्ग आहेत, हेही मान्य झाले.

प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला या निकालातील एक तपशील अधिक बोचतो. १९७६ च्या समान वेतन कायद्यात कलम १६ होते. त्यानुसार, दोन वर्गांतील फरक लिंगभेदावर आधारलेला नाही अशी घोषणा केंद्र सरकारला करता येत असे. जून १९७९ मध्ये सरकारने विमान कर्मचाऱ्यांबाबत नेमकी तीच घोषणा केली आणि न्यायालयाने ती विचारात घेतली. समतेसाठी केलेल्या कायद्यातील पळवाट शासनानेच वापरली. अशी घोषणा आपोआप होत नाही. कोणत्या तरी टेबलावर तिचे टिपण लिहिले जाते, कोणी तरी ‘सहमत’ असा शेरा मारून फाइल पुढे पाठवतो. शिलालेख कोरायला छिन्नी लागते. हक्क पुसायला एक शेरा पुरतो.

पुढची वाट लांबली. विमानातील पर्यवेक्षकाचे पद दीर्घकाळ पुरुषांसाठीच राखीव होते. ती अट दूर करणारा डिसेंबर २००५ चा आदेश पुरुष सहकाऱ्यांच्या आव्हानानंतर नोव्हेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला. दरम्यान वय आणि विवाह यांची जागा वजनाने घेतली होती. २००९ मध्ये जादा वजनाच्या कारणावरून काही सेविकांची नोकरी गेली. २०१५ मध्ये सुमारे सव्वाशे कर्मचाऱ्यांना उड्डाणापासून दूर ठेवण्याचा निर्णय बातम्यांत गाजला. निकषाचे नाव बदलले, रोख तोच राहिला.

नवे वारे, जुने रकाने

गेल्या दशकात जगभर चित्र पालटू लागले. व्हर्जिन अटलांटिकने २०१९ मध्ये सौंदर्यप्रसाधनांची सक्ती काढली. जपान एअरलाइन्सने एप्रिल २०२० पासून स्त्रियांना विजार आणि सपाट बूट निवडण्याची मुभा दिली. त्यामागे उंच टाचांच्या सक्तीविरुद्ध जपानी नोकरदार स्त्रियांनी चालवलेली चळवळ होती. आपल्याकडे मुंबईच्या आकासा एअरने २०२२ मध्ये विजार, जाकीट आणि कॅनव्हास बुटांचा गणवेश आणला. टाटांच्या हाती परतलेल्या एअर इंडियाने डिसेंबर २०२३ मध्ये मनीष मल्होत्रा यांनी रचलेला गणवेश सादर केला. त्यात नेसायला सोपी, तयार साडी आहे आणि हवी असल्यास तिच्याखाली विजारही घालता येते. हे सारे स्वागतार्ह आहे.

पण त्याच्या वर्षभर आधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, याच कंपनीच्या एका अंतर्गत पुस्तिकेतील तपशील वृत्तपत्रांत आले होते. टिकली अर्ध्या सेंटिमीटरहून मोठी नको, बांगडी एकच आणि नक्षीविना, मोत्याची कर्णफुले नकोत, पांढरे केस नियमित रंगवावेत, टक्कल पडू लागलेल्या पुरुषांनी डोके पूर्ण भादरावे, अशा त्या सूचना होत्या. पुरुषांनाही जाचात ओढले म्हणून जाच समान झाला, असे म्हणता येईल. तथापि पिकलेला केस आणि विमानातील कर्तव्य यांचा संबंध काय, हा प्रश्न उरतोच. आणि या सूचना लोकांना कळल्या त्या फुटलेल्या बातमीमुळे.

विमानातील कर्तव्य म्हणजे काय, याचे उत्तर वैमानिकी नियमांतच आहे. प्रवाशांनी भरलेले विमान निम्मी दारे बंद असताना नव्वद सेकंदांत रिकामे करता येते, हे सिद्ध झाल्याशिवाय त्याला प्रमाणपत्र मिळत नाही. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या विमानाने पेट घेतला. आठपैकी तीनच दारे वापरता आली, तरी विमानातील सर्व ३७९ जण जिवंत बाहेर पडले. मुंबईत वाढलेल्या नीरजा भनोत यांनी ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीच्या धावपट्टीवर अपहृत विमानातील प्रवाशांना वाचवताना प्राण दिले; त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. चहा देणे हा या कामाचा रोजचा भाग आहे. पण ज्यासाठी ही माणसे विमानात असलीच पाहिजेत असा कायदा आहे, ते काम हे आहे.

दाद कुठे मागायची?

धोरणाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर बाब याहून वेगळी आहे. १९८१ मध्ये सेविका न्यायालयात जाऊ शकल्या, कारण एअर इंडिया राज्यघटनेच्या अर्थाने ‘राज्यसंस्था’ होती आणि अनुच्छेद १४, १५ व १६ तिला बंधनकारक होते. २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी खासगी मालकीची झाली. वेतन आणि बढतीबाबतच्या कर्मचाऱ्यांच्या याचिकांवर निकाल देताना १६ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की खासगीकरणानंतर या कंपनीविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका चालू शकत नाही. कायद्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष सुसंगत असेल. त्याचा परिणाम मात्र असा, की आजच्या कर्मचाऱ्यांना नर्गिस मिर्झा यांची वाट बंद झाली आहे. गणवेश अधिक उदार झाला, पण तो उदारपणा आता मालकाच्या सद्भावनेवर अवलंबून आहे. सद्भावना हा हक्क नव्हे. बाजार बदलला की तीही बदलते.

खासगीकरणाला विरोध करण्याचा हा मुद्दा नाही. सरकारी मालकीत असतानाच सर्वांत अन्यायकारक नियम लागू होते, हे वर आलेच आहे. मुद्दा असा, की मालकी सोडताना शासनाने नियामकाची जबाबदारी अधिक चोख पार पाडायला हवी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला चार गोष्टी सहज करता येतील.

पहिली, वैद्यकीय पात्रता आणि दिसणे यांची फारकत. आपत्कालीन दार उघडणे, बेशुद्ध प्रवाशाला ओढून नेणे, पाण्यात उतरणे अशा प्रत्यक्ष चाचण्यांनी सक्षमता मोजावी. वजनकाट्याला शेवटचा शब्द देऊ नये. दुसरी, गणवेश लागू करण्यापूर्वी तो घालूनच विमान रिकामे करण्याची कवायत घ्यावी. साडी असो वा विजार, त्या कवायतीत उतरली तर हरकत नाही. तिसरी, दिसण्याविषयीच्या अटी स्त्री-पुरुषांना सारख्याच प्रमाणात लागू असाव्यात आणि त्यांचा खर्च, प्रसाधनांसह, कंपनीने उचलावा. चौथी, अशी प्रत्येक पुस्तिका महासंचालनालयाकडे दाखल व्हावी आणि नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या मुलीला ती आधीच वाचता यावी. रोजगाराच्या अटींत लिंगभेदाला मनाई करणारी २०१९ ची वेतन संहिता आहेच. पण जी अट कुठे लिहिलेलीच दिसत नाही, तिच्याविरुद्ध संहिता तरी काय करणार?

कंपनीला आपली ओळख जपण्याचा अधिकार आहे आणि प्रवाशाला नीटनेटक्या सेवेची अपेक्षा करण्याचाही. पोशाखात एकसारखेपणा हवा, स्वच्छता हवी, संकटात कर्मचारी चटकन ओळखू यावा हेही हवे. या तिन्ही अपेक्षा पूर्ण होतात आणि तरीही कोणाला पांढरा केस लपवावा लागत नाही, असा नियम लिहिणे अवघड नाही. तो लिहून, सर्वांना दिसेल अशा जागी लावण्याची इच्छा तेवढी हवी.